पार्टनर कंपन्यांच्या सिस्टम एकमेकांना जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पर्चेस, डिस्पॅच, अकाउंट्स आणि आयटी अशा चारही बाजूंनी येतात, बऱ्याचदा एकाच मीटिंगमध्ये. काही खरंच दोन ओळींचे आहेत, मास्टर डेटा (आयटम, युनिट, पत्ते अशी पायाभूत माहिती) सारख्या विषयावर मात्र थांबून बोलावंच लागतं, त्यामुळे उत्तरं लहानमोठी आहेत.

आमच्याकडे ईआरपी आहे, सप्लायरकडे पण आहे. मग दोन्ही जोडायला इतके महिने का लागतात?

कारण ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब असं कंपनीचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, प्रत्येकाने आपापल्या आतल्या कामासाठी बसवलेलं असतं. दोन्हीकडे एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर असलं तरी आयटम कोड वेगळे, युनिट वेगळं, पीओ मध्ये (म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये) बदल करायची पद्धत वेगळी, माल आला हे कधी धरायचं ते पण वेगळं. फाइल इकडून तिकडे पाठवायचं काम चांगला माणूस काही दिवसांत करून देतो, वेळ जातो तो "तुमच्या या फील्डमध्ये नक्की काय येतं" हे विचारण्यात आणि त्याचं खरं उत्तर देणारा माणूस शोधण्यात.

साधी डिलिव्हरी डेट घ्या. तुम्ही पीओ वर लिहिता ती माल तुमच्या दारात पोचायची तारीख, आणि सप्लायर ती वाचतो त्याच्या गेटमधून गाडी सुटायची तारीख म्हणून. मध्ये चार दिवसांचा रस्ता असेल तर प्रत्येक ऑर्डर चार दिवस लेट, आणि दोन्ही बाजूंच्या रिपोर्टमध्ये सगळं वेळेवर दिसतंय! ईडीआय म्हणजे कंपन्यांनी एकमेकांना ऑर्डर, बिलं ठरलेल्या फॉरमॅटच्या फाइलमधून पाठवायची पद्धत, आणि तिच्या एक्स१२ या स्टँडर्डमध्ये यासाठी वेगळे कोड आहेत, ००२ म्हणजे मागितलेली डिलिव्हरीची तारीख आणि ०१० म्हणजे मागितलेली डिस्पॅचची, पण आपल्या ईआरपीत तारखेची एकच फील्ड असेल आणि ती भरणारे तिघं तीन अर्थांनी भरत असतील तर कुठला कोड लावणार? हे कुठलंही मिडलवेअर (दोन सिस्टमच्या मध्ये बसणारं सॉफ्टवेअर) सोडवून देत नाही, पर्चेसवाल्याने आणि समोरच्या डिस्पॅचवाल्याने एकत्र बसूनच ठरवावं लागतं.

ईमेल आणि एक्सेलवर आमचं व्यवस्थित चाललंय. जोडायचं कशाला?

महिन्याला मोजक्या ऑर्डर असतील तर खरंच नका जोडू, खर्च निघणार नाही.

पण ऑर्डरी वाढल्या की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे तोच आकडा दोनदा तीनदा टाइप होतो आणि दर वेळी चुकायची संधी मिळते. दुसरी जास्त महागात पडते, ती म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर दिसते, खरी विक्री कुणालाच दिसत नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे डायपरच्या बाबतीत दिसलं होतं, बाळं काही एका आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत, दुकानातली विक्री बऱ्यापैकी एकसारखी होती, तरी डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी वरखाली आणि कंपनीने तिच्या सप्लायरना दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त वरखाली. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. हाऊ ली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याची चार कारणं मांडली: प्रत्येक टप्प्यावर नव्याने केलेला फोरकास्ट, ऑर्डरी साठवून एकदम देणं, स्कीम आणि डिस्काउंटमुळे आधीच भरून ठेवणं, आणि टंचाई दिसली की मिळावं म्हणून जास्त मागून ठेवणं.

मग सिस्टम जोडल्या की बुलव्हिप जाईल?

आपोआप नाही जाणार. या चारपैकी पहिलं कारण माहिती मिळाल्यावर बरंच कमी होतं, बाकीची माणसांच्या वागण्याची आहेत. सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण बघा, सिस्टम जोडण्यात ती त्या काळी सगळ्यांत पुढे समजली जायची, तरी २००१ मध्ये तिला सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास इन्व्हेंटरी राइट ऑफ करावी, म्हणजे तोटा म्हणून हिशोबातून काढून टाकावी लागली. टंचाईच्या काळात गिऱ्हाइकांनी एकच गरज दोन तीन ठिकाणी नोंदवून ठेवलेली, आणि तो फुगलेला आकडा खालच्या सप्लायरपर्यंत व्यवस्थित पोचला. बाजार बसला तसा माल अंगावर पडला. म्हणून फक्त ऑर्डर पाठवून भागत नाही, शक्य असेल तिथे शेवटच्या विक्रीचा आकडा आणि हातातला स्टॉक पण दिसला पाहिजे.

ईडीआय आता जुनं झालं ना? सरळ एपीआय का नाही घ्यायचं?

जुनं आहेच. एक्स१२ ची कमिटी १९७९ ची आणि एडिफॅक्ट या दुसऱ्या ईडीआय स्टँडर्डचा सिंटॅक्स आयएसओ ९७३५ म्हणून १९८७ चा. पण जुनं आहे म्हणून टाकाऊ नाही झालं, मोठ्या रिटेल आणि गाड्यांच्या कंपन्यांचा केवढा तरी व्यवहार अजून त्यावरच चालतो आणि तुमचा मोठा ग्राहक ईडीआय मागत असेल तर तुमच्या आवडीला तिथे फारसा वाव नाही.

एपीआय म्हणजे एका सिस्टमने दुसरीला थेट विचारून लगेच उत्तर घ्यायची सोय. ते कुठे चांगलं? जिथे लगेच उत्तर हवंय तिथे, म्हणजे स्टॉक आहे का, गाडी कुठे पोचली, भाडं किती होईल. पीओ, डिस्पॅचची आगाऊ सूचना, बिल हे कागद आहेत, त्यांना ठरलेला फॉरमॅट आणि पोच लागते आणि ते काम ईडीआय नीट करतं. एपीआयची अडचण अशी की प्रत्येक पार्टनरचं एपीआय त्याने त्याच्या मनासारखं बनवलेलं असतं, ईडीआयमध्ये निदान ८५० म्हटलं की पीओ, ८५६ म्हटलं की डिस्पॅचची सूचना आणि ८१० म्हटलं की बिल एवढं तरी सगळ्यांना कळतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी ठेवावं लागतं आणि त्यात काही वावगं नाही.

स्टँडर्ड आहे म्हणता, मग एका ग्राहकासाठी बनवलेलं ८५६ दुसऱ्याला का चालत नाही?

कारण स्टँडर्ड सगळ्या धंद्यांना पुरेल एवढं मोठं केलेलं आहे आणि त्यातल्या खूप फील्ड ऐच्छिक आहेत. मग प्रत्येक मोठा ग्राहक स्वतःची गाइड काढतो की आमच्याकडे ही फील्ड कंपल्सरी, ही नको, या फील्डमध्ये आमच्या स्टोअरचा नंबर टाका. एकाला पॅलेट, त्यात कार्टन, त्यात आयटम अशी उतरंड लागते, दुसऱ्याला पॅलेटशी देणंघेणं नसतं. त्यामुळे पहिला ग्राहक जोडून झाल्यावर "आता बाकीचे पटापट होतील" असं मॅनेजमेंटला कधीच सांगू नका. थोडे पटापट होतात, सगळे नाही. गाइडचं व्हर्जन आणि तारीख मात्र जपून ठेवा, ग्राहक ती बदलतात आणि बदलल्याचा मेल ज्या माणसाला जातो तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो?

मास्टर डेटामध्ये. सगळं बजेट कनेक्शनवर खर्च करून मास्टर डेटा "नंतर साफ करू" म्हणणारे प्रोजेक्ट बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण तो नंतर कधी येतच नाही आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टम प्रत्यक्ष चालू केल्याच्या, दुसऱ्या दिवसापासून गोडाऊनमधली माणसं रात्रीपर्यंत थांबून आकडे जुळवत बसतात, ज्यांचा या निर्णयात काही संबंध नव्हता.

आयटम कोडपासून सुरुवात करा. तुमचा कोड वेगळा, सप्लायरचा वेगळा, ट्रान्सपोर्टरकडे तर कोडच नाही फक्त "४० बॉक्स". यासाठीच जीएस१ या बारकोडचे नंबर ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचे नंबर आहेत, मालासाठी जीटीआयएन, ठिकाणासाठी १३ आकडी जीएलएन, आणि पॅलेट किंवा कार्टनसाठी १८ आकडी एसएससीसी. नंबर घेतले की झालं असं मात्र नसतं, पॅकिंग बदललं तरी जुनाच जीटीआयएन चालू ठेवतात, एकाच गोडाऊनचे तीन जीएलएन निघतात. आणि मध्ये कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडतं. एक्सेल फक्त १५ आकड्यांपर्यंतच अचूक नंबर ठेवतं, त्यामुळे १८ आकडी एसएससीसी तिथे नंबर म्हणून आला की शेवटचे तीन आकडे शून्य होतात, आणि सुरुवातीला शून्य असलेला जीटीआयएन असेल तर ते शून्यच गळून पडतं. फाइल दिसायला छान, स्कॅनर मात्र काहीच ओळखत नाही. अशा कॉलमला आधी टेक्स्ट फॉरमॅट द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे हा टप्पाच काढून टाका.

मग युनिट. तुम्ही नग विकत घेता, तो बॉक्स विकतो. बॉक्समध्ये १२ आहेत हे दोन्हीकडे सेट केलंय, सहा महिन्यांनी पॅकिंग १० चं झालं आणि एकाच बाजूने बदललं. आता १०० बॉक्सच्या मागे २०० नगांचा फरक, आणि अकाउंट्सला बिल जुळत नाही म्हणून पेमेंट अडकलं. युनिटच्या घोटाळ्याचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण सप्लाय चेनचं नाहीये तरी सांगतो, १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान गेलं ते यामुळेच, कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्सच्या हिशोबात आकडे देत होतं आणि नासाची टीम ते न्यूटनचे समजून वापरत होती. आकडे येत राहिले, आणि युनिट चुकलंय हे यान जाईपर्यंत कुणी पकडलं नाही. आपल्याकडचा युनिटचा घोळ अगदी असाच शांतपणे चालू असतो.

टार्गेट या अमेरिकन रिटेल कंपनीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली, १३३ पर्यंत नेली आणि २०१५ मध्ये सगळी बंद केली. कारणं बरीच होती पण त्यातलं एक मोठं कारण हेच, घाईघाईत भरलेला आयटम डेटा. मापं चुकलेली, लांबीच्या जागी रुंदी, इंच का सेंटिमीटर त्याचा पत्ता नाही. परिणाम असा की गोडाऊन गच्च भरलेलं आणि दुकानातले रॅक रिकामे.

मग मास्टर डेटा कोणी सांभाळायचा?

ज्याच्याकडे ती गोष्ट जन्माला येते त्याने. मालाचं वजन, मापं, पॅकिंग सप्लायरने द्यायचं, डिलिव्हरीचे पत्ते आणि माल उतरवायच्या वेळा ग्राहकाने. बदल किती दिवस आधी कळवायचा हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहा, आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाचं नाव ठरलेलं असू द्या, डिपार्टमेंटचं नको.

मेसेज सक्सेस दाखवतोय म्हणजे ऑर्डर पोचली ना?

इथे खूप लोक फसतात. पोच तीन पातळ्यांवर असते. एएस२ ने (इंटरनेटवरून ईडीआय फाइल सुरक्षित पाठवायची पद्धत) फाइल पाठवली तर एमडीएन येतो, त्याचा अर्थ फाइल सुखरूप पोचली. नंतर ९९७ येतो, त्याचा अर्थ फॉरमॅट वाचता आला. आणि ८५५ आला तर सप्लायरने ऑर्डर बघून होय, नाही किंवा "एवढीच देऊ शकतो" असं सांगितलं. पहिल्या दोन्ही हिरव्या असूनही ऑर्डर समोरच्या ईआरपीच्या एरर लिस्टमध्ये पडून राहू शकते, कारण आयटम कोड सापडला नाही, आणि ती लिस्ट बघायची जबाबदारी कुणावरच नाही. म्हणून ८५५ सोडू नका, आणि ठरलेल्या तासांत तो आला नाही तर अलर्ट माणसाला जाऊ द्या.

अजून दोन गोष्टी इथेच सांगतो. एक म्हणजे डुप्लिकेट. नेटवर्क तुटलं, सिस्टमने परत पाठवलं, आणि समोर दोन ऑर्डरी झाल्या. समोरच्याने पीओ नंबर आणि मेसेज नंबर बघून दुसरी नाकारली पाहिजे, आणि टेस्टिंगमध्ये मुद्दाम तीच फाइल दोनदा पाठवून बघितली पाहिजे. दुसरी म्हणजे क्रम. पीओ मधल्या बदलाचा मेसेज म्हणजे ८६० जर मूळ ८५० च्या आधी प्रोसेस झाला तर काय? बऱ्याच सिस्टम तो बदल गपचूप फेकून देतात आणि जुनीच क्वांटिटी बनून येते, भांडण मात्र माल आल्यावर होतं.

सगळं रिअल टाइम हवंच का?

नाही. गोडाऊन दिवसातून एकदा प्लॅन करत असेल तर दर मिनिटाला आलेला स्टॉक काय कामाचा? निर्णय जेवढ्या वेळा घेता तेवढ्या वेळा डेटा आला की पुरतं. ताजा पण चुकीचा आकडा कालच्या बरोबर आकड्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

आम्ही छोटे सप्लायर आहोत. ग्राहकाने पोर्टल दिलंय, म्हणजे आम्ही इंटिग्रेटेड झालो का?

ग्राहक झाला, तुम्ही नाही झालात. त्याच्याकडे डेटा थेट सिस्टममध्ये जातो आणि तुमच्याकडे एक माणूस पोर्टलवरून पीओ वाचून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो आणि डिस्पॅच झाल्यावर तेच परत पोर्टलवर टाइप करतो, असे दहा ग्राहक म्हणजे दहा लॉगिन, दहा पासवर्ड, आणि चूक झाली की डेबिट नोट तुमच्या नावाने. फायदा एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला अशी ही वाटणी आहे, आणि मोठ्या कंपन्यांनी याचा प्रामाणिकपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं, कारण दमलेला सप्लायर वेळेवर आणि नीट डेटा देत नाही आणि मग त्यांच्याच डॅशबोर्डवर कचरा येतो.

तुमच्या हातात काय आहे? पोर्टलवर फाइल डाउनलोड आणि अपलोडची सोय आहे का विचारा, बऱ्याचदा असते पण कुणी सांगत नाही. दोन तीन ग्राहक ईडीआय मागत असतील तर स्वतः सर्व्हर उभा करू नका, ईडीआय सर्व्हिस देणारी कंपनी घ्या. आणि सेटअपच्या खर्चाबद्दल ग्राहकाशी बोला, निदान पहिले काही महिने पेनल्टी लावू नका एवढं तरी लेखी मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

स्टॉक आणि विक्रीचे आकडे दिले तर समोरचा त्याच आकड्यांवरून भाव पाडेल, ही भीती खोटी आहे का?

खोटी नाही. सप्लायरकडे माल पडून आहे हे दिसल्यावर खरेदीवाला भाव पाडून मागणारच, त्याचं काम तेच आहे. म्हणून सगळं उघडं करायची गरज नाही. किंमत आणि कॉस्टिंग आपल्याकडेच ठेवा, ज्या मालाची ऑर्डर आहे त्याचाच स्टॉक दाखवा, आणि समोरच्याने तो डेटा कशासाठी वापरायचा, त्याच्या कंपनीत कुणाला दिसेल, आपल्या स्पर्धकाला दिसणार नाही ना, हे लिहून घ्या.

आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असू द्या. वॉलमार्टने १९९१ पासून रिटेल लिंक या आपल्या सिस्टममधून सप्लायरना त्यांच्या मालाची दुकानातली विक्री दाखवायला सुरुवात केली, म्हणजे सप्लायरला पण काहीतरी मिळालं. पुढे नव्वदच्या दशकात वॉलमार्ट आणि वॉर्नर-लॅम्बर्ट ही सप्लायर कंपनी यांनी लिस्टरीन या माउथवॉशवर एकत्र फोरकास्ट करून बघितला, त्यातूनच सीपीएफआर ही एकत्र प्लॅनिंग आणि फोरकास्ट करायची पद्धत उभी राहिली. नुसता डेटा घेत राहणाऱ्याला काही दिवसांनी मुद्दाम ढोबळ आकडे यायला लागतात.

ब्लॉकचेनने विश्वासाचा प्रश्न सुटेल का?

नोंद नंतर बदलता येणार नाही एवढं ब्लॉकचेन बघतं, नोंद करतानाच ती चुकली असेल तर चूकच पक्की होते. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये शिपिंगसाठी ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेनवरचा प्लॅटफॉर्म आणला, मोठमोठ्या कंपन्या आल्या पण, तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद करायचं जाहीर केलं आणि कारण देताना पूर्ण उद्योगाचं जे सहकार्य हवं होतं ते मिळालं नाही असं सांगितलं. प्लॅटफॉर्मचा मालक स्वतःच त्या धंद्यातला मोठा खेळाडू असेल तर बाकीचे बिचकतात, हे मला त्यातलं खरं शिकण्यासारखं वाटतं.

सिस्टम जोडली की सिक्युरिटीचा धोका वाढतो का?

वाढतो. २०१३ मध्ये टार्गेटच्या अमेरिकेतल्या दुकानांमधून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, चोर आत शिरले ते एसी आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या व्हेंडरच्या लॉगिनमधून. २०१७ चा नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि त्यात मर्स्कचं २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झालं. म्हणून पार्टनरला जेवढं लागतं तेवढंच दाखवा, प्रत्येकाला वेगळी अ‍ॅक्सेस की द्या, आणि काम संपलं की त्याच दिवशी बंद करा. एएस२ ची सर्टिफिकेटं कधी संपतात ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, ती संपली की सगळं चालू दिसत असतानाच ऑर्डरी यायच्या थांबतात. आणि सिस्टम दोन दिवस बंद पडली तर माल कसा पाठवायचा हे कागदावर तयार असू द्या.

गो-लाइव्ह कधी करावं?

सीझनच्या तोंडावर अजिबात नको. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ईआरपी, प्लॅनिंग आणि सेल्सची सिस्टम एकदम चालू केली, तीही हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या वेळेला, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पाठवता आल्या नाहीत. चॉकलेट होतं, सिस्टमला ते दिसत नव्हतं. मंदीच्या महिन्यात चालू करा, एका पार्टनरपासून, आणि काही आठवडे जुनी पद्धत समांतर चालू ठेवून दोन्हीकडचे आकडे रोज ताडून बघा.

टेस्टिंग करताना फक्त सरळ ऑर्डर चालवून खूश होऊ नका. अर्धा माल पाठवला, ऑर्डर कॅन्सल झाली, भाव मध्येच बदलला, माल परत आला, बिल दोन पीओ चं एकत्र आलं, नावात वेगळ्या लिपीतली अक्षरं आली, हे सगळं चालवा.

हा प्रोजेक्ट आयटीचा की पर्चेसचा?

पर्चेस किंवा सप्लाय चेनचा. आयटी बांधून देईल. पण सप्लायरला "हे करायचंय" म्हणून सांगायचा अधिकार आयटीकडे नसतो आणि त्यांनी फोन केला तर समोरचा उचलत पण नाही.

पार्टनर वाढत गेले तर प्रत्येकासाठी वेगळं मॅपिंग (त्याची फील्ड आपल्या फील्डशी जुळवणं) किती दिवस करत बसायचं?

सुरुवातीपासून मध्ये आपला स्वतःचा एक ठरलेला फॉरमॅट ठेवा, प्रत्येक पार्टनरचं त्यात रूपांतर करा आणि तिथून आपल्या ईआरपीत. दहा जणांना एकमेकांशी थेट जोडायचं झालं तर ४५ जोडण्या होतात, मधल्या फॉरमॅटने १०. उद्या ईआरपी बदललं तर पार्टनरकडे काहीच हात लावावा लागत नाही, आणि ही बचत त्याच दिवशी कळते, आधी कुणाला पटवणं अवघड असतं.

नक्की सुरुवात कुठून करू?

ज्या पार्टनरची तयारी आहे तो, सगळ्यांत मोठा असलाच पाहिजे असं नाही. पीओ, त्याचा कन्फर्मेशन आणि डिस्पॅचची सूचना एवढे तीनच मेसेज. बिल नंतर, कारण पहिले तीन जुळले की बिल जवळपास आपोआप जुळतं आणि ते जुळत नसतील तर बिलाचं ऑटोमेशन म्हणजे भांडणं लवकर पोचवणं. कोडिंगच्या आधी शेवटच्या काही महिन्यांतल्या खऱ्या ऑर्डरी घेऊन दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलावर बसवा आणि एकेक फील्ड वाचा.

चालू झाल्यावर काय बघायचं?

किती मेसेज गेले हा आकडा सोडून द्या. किती ऑर्डरी माणसाचा हात न लागता सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेल्या, ८५६ मध्ये लिहिलेली क्वांटिटी आणि गोडाऊनने खरी मोजलेली क्वांटिटी किती वेळा जुळली, आणि एरर लिस्टमधली सगळ्यांत जुनी नोंद किती दिवसांची आहे, हे तीन दर आठवड्याला पार्टनरबरोबर बसून बघा. तिसरा आकडा वाढायला लागला की समजायचं ती लिस्ट बघणारा माणूस दुसऱ्या कामाला लावलाय, आणि पहिला फोन त्याच्या मॅनेजरला करायचा.